हिसका मामूंचं माप

हिसका मामू गिऱ्हाइकाला आधी धरायचे आणि मग 'या' म्हणायचे. ट्रॅकसूट अंगात घातलेलं पोरगं पडद्यामागून बाहेर आलं की त्याच्या छातीवरचं कापड मुठीत गोळा करायचं आणि असा हिसका द्यायचा की पोरगं धाडकन काउंटरवर आदळावं. लातूरच्या ट्यूशन एरियात त्यांचं रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. बाहेरच्या पाटीवर दुकानाचं नाव काही का असेना, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी त्यांना हिसका मामू करून टाकलं होतं. मामूंना ते नाव ठाऊक होतं आणि आवडतही होतं, फक्त तोंडावर कुणी घेतलं तर ते कानफटीत द्यायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या भावाला मारताना. म्हणजे मला तसं वाटलं. किशोर अकरावीला लातूरला आला तेव्हा अप्पांनी मला त्याच्याबरोबर धाडलं, पोरगं मेसचं खाऊन आजारी पडेल म्हणून. मी बी.ए. करून देवणीजवळच्या आमच्या गावात घरीच बसले होते. तर एक दिवस मंडईतून येताना बघते, की एका दुकानात एक आडदांड म्हातारा, ज्याचे कान कुस्तीनं चुरगळून गेलेत असा, आमच्या किशोरला गच्च धरून हलवतोय. मी काही विचारलं नाही. हातातली भाजीची पिशवी त्यांच्या पाठीत घातली. दोडकी होती, मोडली.

मामू सावकाश वळले. "कोन गं तू?"

"बहीण हाय त्याची! सोडा आधी त्याला!"

"माप घेऊन राहिलो बाई, जीव न्हाई," ते म्हणाले आणि पाठ चोळत माझ्याकडं बघत राहिले. "हाताला जोर लई हाय तुझ्या. काम करतीस का दुकानात?"

झालं असं होतं, की मुली गिऱ्हाईक म्हणून येऊ लागल्या होत्या आणि मुलींना हिसका देणार कोण? मामू मुलीच्या अंगाला बोट लावणारे नव्हते. मग किशोर क्लासला गेला की मी दुकानात. मुलगी ट्रॅकसूट घालून उभी राहिली की मामू रस्त्याकडं तोंड करून बसायचे आणि तिकडूनच ओरडायचे, "सुनीता, वढ! अजून वढ! लोनी काढून राहिलीस काय?" मी ओढायचे. पहिल्या आठवड्यात दोघी रडल्या. नंतर मैत्रिणींना घेऊन आल्या.

त्या काळात पोरांना ओव्हरसाइज ट्रॅकसूटचं खूळ लागलं होतं. मोबाईलवर बघायचं आणि तसलंच मागायचं, खांदा दंडावर उतरलेला, पँट बुटावर गोळा झालेली. आता आमच्याकडची रीत अशी, की पोराला कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. शाळेची पँट दोनदा दुमडून शिवायची आणि दरसाल एक घडी सोडायची, हे घराघरातलं. त्यामुळं बाप आणि पोरगा यांचं आयुष्यात पहिल्यांदा जमलं. पोरगा म्हणायचा मोठा पाहिजे, बाप म्हणायचा अजून मोठा द्या, वर्षभर अंग धरंल. मीडियमचं पोरगं डबल एक्सएल घालून आरशापुढं उभं राहायचं आणि बाप खूष. मामूंच्या डोक्यात तिडीक जायची ती तिथं.

"अवो पाटील, हे कापड आधीच वाढलेलं हाय! कापनाऱ्यानं एकदा ढिलं कापलं, आता तुमी परत ढिलं करू नका. वव्हरसाइज म्हंजे मोठा नंबर न्हाई. आपलाच नंबर घ्यायचा!"

कुणाला पटायचं नाही. मग मामू परीक्षा घ्यायचे. दोन्ही हात वर कर, पोट दिसतंय का बघू. मनगटाची पट्टी हाडावर धरते का घसरते, घोट्याची पट्टी टाचेखाली जाते का. मग स्टूल पुढं सरकवायचे, "यष्टीत चढ." चढताना पँटचा मधला भाग गुडघ्यात अडकला की पोरगं तोंडावर आपटायचं आणि मामू बापाला म्हणायचे, "घ्या, वाढलं अंग!" एवढ्यातून जे पास होईल त्याला शेवटचा हिसका. त्याचा नियम मामू शपथेवर सांगितल्यासारखा सांगायचे, "कपडा मुठीत आला, की मागून मानूस आला पायजे. कपडाच नुसता आला तर तो कपडा खोटा."

एकदा एका बापानं दुकानातच पोराच्या थोबाडीत दिली. टेस्टला मार्क कमी आणि कपडे मागतोय फॅशनचे, असा राग. दुसरी देणार तोच मामूंनी त्याचा हात हवेत धरला आणि पिरगाळून त्याला स्टुलावर बसवलं. "ह्या दुकानात मारायचा हक मालकाचा," असं म्हणून त्यांनी त्या बापाच्याच अंगात जबरदस्तीनं सगळ्यात मोठा ट्रॅकसूट कोंबला आणि हिसका दिला. जाकीट सुळकन् डोक्यावरून निघालं, बाप स्टुलावर बनियनवर. पोरगं गालावर पाच बोटं घेऊन खदखदा हसायला लागलं आणि थोड्या वेळानं बापही हसला. मग मामूंनी तिघांना चहा मागवला. हा त्यांचा ठरलेला शिरस्ता. मारलं की चहा पाजायचा. तालमीत असंच असतं म्हणे, आपटायचं, माती झटकायची, दूध प्यायचं, विषय संपला. जग तालमीबाहेर वेगळं असतं, हे मामूंना साठी उलटली तरी कुणी शिकवलं नव्हतं.

शिव्या तर काय, ऐकून घ्याव्यात! दक्खनीत सुरू करायचे, मराठीत संपवायचे. माल आणणाऱ्या एजंटाला त्यांनी एकदा गठ्ठ्यासकट रस्त्यावर फेकलं, कारण शिलाई दातानं उसवली. समोरच्या झेरॉक्सवाल्याशी महिन्यातून एकदा मारामारी, आणि ईदला पहिला शीरखुर्मा त्याच्याच घरी. त्यांची बायको कधीच वारली होती, एकुलती लेक शबाना नांदेडला दिलेली. लेकीचा फोन आला की मामू उठून मागं जायचे आणि बारीक आवाजात "हौ बेटा, खाया बेटा" म्हणायचे. परत आले की पुन्हा वाघ.

हिसक्याचं मूळ मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी फार छळलं म्हणून. त्र्याण्णव साली, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला तेव्हा मामू तरणेबांड होते. तालमीतली पोरं ट्रकमध्ये बसून किल्लारीकडं गेली. दगडामातीची घरं, भिंती कमरेएवढ्या जाड, सगळ्या माणसांवर. नखं निघाली तरी पोरं उकरत होती. एका ढिगाऱ्यात मामूंना एक माणूस जिता सापडला, छातीपर्यंत गाडलेला, बोलत होता. पुन्हा जमीन हलली आणि वरची माती घसरायला लागली. मामूंनी त्याचा सदरा दोन्ही मुठीत धरला आणि सगळा जोर लावून हिसका दिला.

"सदरा आला," मामू म्हणाले. "ढगळ होता. डोक्यावरून निघून आला हातात. मानूस न्हाई आला."

एवढं सांगून ते उठले आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याशी भांडायला गेले. मी दुकानात बसून रडले. कुणा परक्या माणसासाठी नाही, मामूंसाठी.

किशोर बारावीला गेला आणि बदलला. बोलणं बंद, जेवताना मान खाली. उन्हाळ्याच्या दिवसांत पूर्ण बाह्यांचे कपडे. मी म्हटलं अभ्यासाचं टेन्शन असेल. आमच्या खोलीशेजारच्या हॉस्टेलात पप्या म्हणून एक होता, तीनदा नीट देऊन बसलेला, काका कुठला तरी पुढारी. त्याची टोळी लहान पोरांना छळायची, हे सगळ्यांच्या कानावर होतं. पण आपल्या घरातलं पोरगं त्यांच्या तावडीत असेल असं कुणाला वाटतं?

एका दुपारी किशोर दुकानात आला. "मामू, काळा ट्रॅकसूट. डबल एक्सएल."

"तुजा नंबर मीडियम हाय."

"डबल एक्सएलच पाहिजे."

मला हसू आलं. म्हटलं, एवढं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी. दप्तरासकट पडद्यामागं गेला तो बराच वेळ आतच होता. बाहेर आला तेव्हा मामू म्हणाले, "यष्टीत चढ." तो चढला नाही. मामूंनी छातीवरचं कापड धरून हिसका दिला. कापड आलं, किशोर जागचा हलला नाही. एक पाय लाकडासारखा ताठ. मामूंनी वाकून त्याच्या मांडीला हात लावला आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं.

मामूंच्या थपडा मी शेकडो पाहिल्या होत्या. त्यात आवाज जास्त, मार कमी. ही तसली नव्हती. किशोर बुटांच्या खोक्यांवर जाऊन पडला, ओठ फुटला. मामूंनी शटर अर्धं ओढलं, त्याच्या पायाला चिंध्यांनी बांधलेला कोयता सोडवला. आमचाच कोयता, ऊस तोडायचा. गावाकडून आणला होता, मला पत्ता नाही.

"कुनाला?" मामूंनी विचारलं.

"पप्याला."

मामूंनी त्याचं जाकीट वर केलं. पाठीवर पट्ट्याचे वळ, जुने हिरवे आणि नवे लाल, एकावर एक. मला काय झालं कळलं नाही, मीच किशोरला मारायला लागले. "मला का नाही सांगितलंस? मी मेले होते का?" मामूंनी मला धरून बाजूला केलं.

"मारणारच मी त्याला," किशोर म्हणाला. "आज नाही तर उद्या. मला जेल झाली तरी चालेल."

"तुला चालंल. तुज्या बापाला चालंल का? तुरुंगाच्या दारात डबा घेऊन हुबा ऱ्हाईल म्हातारा, ते चालंल? ही तुजी बहीन, हिच्याशी कोन लगीन करंल?" मामू कोयता हातात घेऊन ओरडत होते. मग त्यांनी तो काउंटरखाली टाकला. "ह्यो हितंच ऱ्हाईल. त्या पप्याचं मी बघतो."

आणि त्यांनी बघितलं, त्यांच्या पद्धतीनं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलच्या दारात, सगळ्या पोरांसमोर, पप्याच्या दोन कानफटात दिल्या. मग त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला टपरीवर नेलं आणि चहा मागवला. मामूंच्या हिशेबी विषय संपला! दुकानात आले ते हसत. मी म्हटलं, "मामू, ते पोरगं गप बसणारं नाही." तर म्हणाले, "चा पिला की त्यानं." अरे देवा! चहा पिला म्हणून विश्वास!

दुपारी पप्या आला. बरोबर पाच-सहा जण, हातात लोखंडी गज. आधी दर्शनी काच फुटली. माझ्याजवळ एक मुलगी कपडे बघत होती, तिला मी पडद्यामागं ढकललं आणि वरचे कपडे काढायची आकडीची काठी उचलली. पहिला गज मामूंच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी डाव्या हातानं त्यांनी पप्याचा दंड पकडला आणि असा पिरगाळला की तोही मोडला. पप्या गुरासारखा ओरडत होता. मी काठी फिरवत होते, कुणाला लागत होती मला ठाऊक नाही, पण लागत होती आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

तेवढ्यात किशोर आला. कुणीतरी क्लासमध्ये जाऊन सांगितलं असावं. तो आमच्याकडं आलाच नाही, सरळ काउंटरखाली घुसला आणि कोयता घेऊन उठला. त्याचे डोळे मला आजही दिसतात. माझा भाऊ नव्हता तो. पप्या समोर गुडघ्यावर, हात लोंबत असलेला, मान खाली. किशोरनं कोयता वर उचलला.

मामूंनी पप्याला सोडलं आणि किशोरवर झेप घेतली. मोडक्या खांद्यानिशी त्याला खाली पाडला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकून दाबून धरला. मागं टोळीतले तिघं होतेच. त्यांनी मामूंच्या पाठीवर गज चालवले. मामूंनी उलटून एकही हात उचलला नाही. जन्मभर मारत आलेला माणूस नुसता मार खात होता, आणि खाली किशोर ओरडत होता, "सोडा मला, मामू, सोडा!" मामू त्याच्या कानात म्हणत होते, "पड गप. पड गप, बेटा." झेरॉक्सवाला आणि टपरीवाले धावून आले तेव्हा कुठं ती टोळी पप्याला घेऊन पळाली.

पोलीस आले. कोयता फरशीवर, किशोरच्या हाताजवळ. साहेबांनी विचारलं, "हा कुणाचा?"

किशोरनं तोंड उघडलं. मामूंनी पडल्या पडल्या त्याच्या तोंडावर हात मारला. "मोठी मानसं बोलताना मधी बोलायचं न्हाई. साहेब, माझा हाय. दुकान माझं, कोयता माझा."

"चाचा, या वयात कोयता?"

"आदत हाय," मामू म्हणाले.

अख्ख्या बाजाराला विचारलं. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं, की हा माणूस उठता-बसता लोकांना मारतो. सकाळी पप्याला मारलेलं तर पन्नास पोरांनी पाहिलं होतं. पुढाऱ्याच्या पुतण्याचा हात मोडलेला. मामूंवर विश्वास ठेवायला कुणालाच जड गेलं नाही.

दवाखान्यात मी त्यांना म्हटलं, "मी खरं सांगणार आहे." प्लॅस्टरमध्ये पडलेल्या त्या माणसानं मला दम दिला, "सांग की. मी म्हनतो पोरगी खोटं बोलती. बघू कुनाचं ऐकत्यात. आन् हिकडं बघ सुनीताबाई, पोरगं डाक्टर व्हायला आलंय ना? मग त्याला अभ्यासाला बसीव, जा." मी जमिनीवर बसून रडले. मग उठले आणि गेले.

मामू तुरुंगात गेले. जामीन व्हायला फार दिवस लागले. दुकानाची जागा भाड्याची, तोवर जागेच्या मालकानं ती दुसऱ्याला दिली, आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. सुटल्यावर शबाना आपा त्यांना नांदेडला घेऊन गेली. लातूरच्या बसस्टँडवर मी भेटायला गेले होते. उजवा हात कामातून गेलेला. गाडीत चढताना त्यांनी कुणाची मदत घेतली नाही आणि कंडक्टरशी भांडण काढलं. मी म्हटलं, चला, हे तरी शाबूत आहे.

आणि किशोर? किशोर डॉक्टर झाला नाही. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा तर अजून कमी मार्क. पुस्तक उघडायचा आणि तसंच मिटून ठेवायचा. शेवटी त्यानं सगळं सोडलं आणि अर्धापूरला एका केळीच्या व्यापाऱ्याकडं कामाला लागला. अर्धापूर ते नांदेड अंतर असून असून ते किती! रोज केळीच्या गाडीबरोबर नांदेडला जायचा, पण मामूंच्या गल्लीत कधी गेला नाही. मला त्याचा एवढा राग यायचा की काय सांगू. माझं लग्न झालं, मूल झालं, तरी फोनवर आमचं त्याच एका गोष्टीवरून भांडण. "कुठल्या तोंडानं जाऊ?" तो म्हणायचा. "हेच तोंड घेऊन जा, दुसरं आहे का?" मी म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात शबाना आपाचा फोन आला, की अब्बांचं आता काही खरं नाही. मी तडक अर्धापूर गाठलं आणि किशोरला गोदामातून तसाच उठवून नांदेडला नेला. महिन्याभरात मामू गेले, मातीला आम्ही दोघंही होतो. पण त्याआधी ती भेट झाली.

मामू खाटेवर होते. एवढा थोरला देह उशीएवढा उरलेला. किशोर त्यांच्या पायाशी बसला आणि हमसून रडायला लागला. "मामू, तुमचं दुकान गेलं, हात गेला, जेल झाली. माझ्यापायी. आणि मी डॉक्टर झालो नाही मामू. केळीचे घड उचलतो."

मामूंना आधी समजलंच नाही. शबाना आपानं कानाशी वाकून पुन्हा सांगितलं. मग त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या, तोच जुना राग.

"डाक्टरला कोन वाचवलं रे, येड्या? लातुरात डाक्टर काय कमी पडले होते?" धाप लागली म्हणून ते थांबले. "तुला वाचवलं मी. तू हायेस न्हवं?"

किशोरनं मान हलवली.

"तोंडानं बोल."

"हाय, मामू."

"मग झालं की," मामू म्हणाले.